झाकणावरच्या दोन रेघा

भाईंदर पूर्व
९ जानेवारी २०२५

क्षिते,

जय भीम. तब्येत-पाणी विचारायचा हक्क मला राहिलाय की नाही ठाऊक नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. तुझ्या लग्नाचे बिल्ले माझ्याकडे बनायला आलेत.

हस, हस. मलाही आधी हसूच आलं. मग स्टूल ओढून बसावं लागलं.

झालं असं. मीरा रोडला जितेंद्र नावाचा एक जण आहे, तू गेल्यानंतर आपल्याकडे यायला लागला. मोबाईलवर पिनांच्या ऑर्डरी घेतो. फोटो असे टाकतो की लोकांना वाटावं, याचा दोन मजली कारखाना आहे. कारखाना म्हणजे आपला गाळा, आपली प्रेस, आपली भट्टी, मी आणि चंपा. चंपा इथल्याच राई गावची, रंग भरायला ठेवलीये. तर सकाळी जितेंद्र आला, एक कागद टेबलावर टाकला आणि म्हणाला, "काका, अर्जंट है. पुण्याच्या मॅडम आहेत, शादी है उनकी. पाहुण्यांना लावायच्या पिना."

कागदावर पिंपळाचं पान. देठ किंचित डावीकडे वळलेला. पानात 'क्षि' आणि 'नी', खाली १६ फेब्रुवारी. बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं: पान हिरवं, चार नंबर, त्यात एक थेंब पिवळा. कडा सोनेरी. सॉफ्ट. नग दीडशे.

तुझं अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही. आणि चार नंबरच्या हिरव्यात एक थेंब पिवळा घालणारी या धंद्यात एकच बाई होती, तुझी आई. तिच्यानंतर तू.

मी जितेंद्रला म्हणालो, "नवऱ्याचं नाव काय?" तो म्हणाला, "नीरज. क्यों?" मी म्हणालो, "अक्षर लागत नव्हतं." आणि चहा सांगितला. बिचाऱ्याला काय माहीत, आपण बापालाच मुलीच्या लग्नाची बातमी देतोय. तुलाही माहीत नसणार, तू ऑर्डर दिलीस ती फिरून कुठे आली ते. माहीत असतं तर तू दिली नसतीस.

नीरज कोण आहे, काय करतो, चिडका आहे का, जेवताना बोलतो का, मला काही माहीत नाही. दोन वर्षं तीन महिने झाले तुला जाऊन. माझा नंबर तू ब्लॉक केलास. गाळ्यातल्या फोनवरून केला, तोही उचलला नाहीस. बरोबरच केलंस. त्याच फोनवर मी ते बोललो होतो.

तरी कागदावर एकदा लिहितो, म्हणजे मी विसरलोय असं तुला वाटायला नको. जून २०२१. तुझा मोबाईल पाण्यात पडून दुरुस्तीला होता. रंगाच्या कंपनीतल्या बाईंचा फोन गाळ्यावर आला. म्हणाल्या, क्षितिजा लॅबच्या परीक्षेत पहिली आलीये, एक तारखेला हजर व्हायचंय. आणि मी म्हणालो, "तिचं लग्न ठरलंय. ती नोकरी करणार नाही." एवढं बोलून फोन ठेवला आणि तुला हाक मारून म्हणालो, "क्षिते, शाळेच्या बिल्ल्यांचा निळा कुठवर आला?"

तू वाट बघत राहिलीस. मग म्हणालीस, निवड झाली नसेल. मी म्हणालो, जाऊ दे, आपलं काम आहे ना. सव्वा वर्षानं मिनल भेटली. तिला तुझ्याबरोबरच परीक्षा देऊन तिथेच नोकरी लागली होती. ती तुला म्हणाली, "आमच्या मॅडम विचारत होत्या, तुझ्या मैत्रिणीचा संसार कसा चाललाय." त्या दिवशी तू घरी येऊन एवढंच म्हणालीस, "फुकटची कामगार पाहिजे होती ना तुम्हाला?" आणि बॅग भरलीस.

तेव्हा खोटं सांगितलेलं लग्न आता खरं होतंय. मला एकच पाहिजे, तू मला बोलवावंस. मंडपात मागच्या खुर्चीवर बसवलंस तरी चालेल. न बोलावता येणार नाही, तेवढी लाज अजून शिल्लक आहे.

तुझा पत्ता जितेंद्रकडे आहे, पण मागितला तर कारण सांगावं लागेल. म्हणून हे पत्र सध्या ड्रॉवरमध्ये.

बाबा


२१ जानेवारी

क्षिते,

तू सॉफ्ट लिहिलं होतंस. मी हार्ड करतोय. ओरडू नकोस, काम माझं आहे.

तुला आठवतं, लहानपणी तू सॉफ्टला 'खड्ड्याच्या' म्हणायचीस आणि हार्डला 'गुळगुळीत'? गिऱ्हाइकांना मी अजून तसंच समजावतो. सॉफ्टमध्ये रंग खाली बसतो, धातूच्या रेघा वर राहतात, बोट फिरवलं की हाताला लागतात. हार्डमध्ये रंग वर येईपर्यंत भरायचा, भाजायचा, चाकावर घासायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा घासायचा, रंग आणि रेघ एका पातळीत येईपर्यंत. हल्ली लोकांना तेवढा धीर नसतो. जितेंद्र तर म्हणतो, "काका, प्रिंट मारा, वरून एपॉक्सीचा थेंब सोडा, चमकतंय ना, बस." स्टिकर आहे का तो? माझ्या मुलीच्या लग्नात मी स्टिकर वाटू?

तुला सगळं माहीत आहे, तरी सांगतोय. दुसरं बोलायला कोण आहे मला.

ठसा परवा आला. देठाचं वळण बरोबर उतरलंय. जितेंद्रनं लोखंडाचा पत्रा घे म्हटलं होतं, मी पितळ घेतलं. दीडशे पानं ठोकली, कडा कापल्या, मागे खिळे डाखले. एका पानाला एकच खिळा लावला की पान कपड्यावर गोल फिरतं, अर्ध्या कार्यक्रमात उलटं लटकतं, म्हणून मी दोन लावले. आणि खिळ्यांना मागून अडकवायला फुलपाखरू क्लच नाही लावणार. पांढऱ्या साड्या असतील सगळ्यांच्या, त्याच्या टोकांत धागा अडकतो. रबराचे लावतो.

चंपा पंधरा दिवस सुट्टीवर आहे, भावाचं लग्न आहे तिच्या. जाताना म्हणाली, "काका, ती पानं रव्हू द्या, मी येऊन भरतंय." मी म्हणालो, तू नाच तिकडे पोटभर. ही पानं मीच भरणार. जायच्या आधी सगळा गाळा धुऊन-पुसून गेली. बाटल्या चकाचक, झाकणं थिनरमध्ये बुडवून लख्ख. अशी मुलगी मिळायला नशीब लागतं. तू तर बाटलीला झाकणही लावायची नाहीस.

नाही, खोटं बोललो. झाकणं तूच तर केलीस. तू नऊ वर्षांची होतीस, आई जाऊन महिना झाला होता. मी बाटल्या समोर मांडून तुला विचारायचो, "सांग बघू, हा कुठला?" तू सांगायचीस, "लाल." "आणि हा?" "हिरवा, बाबा, सोप्पंय." मग एक दिवस तुला कंटाळा आला. तू दाभण घेतलंस आणि प्रत्येक झाकणावर खुणा ओरखडल्यास. लाल एक रेघ, हिरवा दोन रेघा, निळा तीन, पिवळा गोल, चॉकलेटी टिंब. म्हणालीस, "आता नका विचारू सारखं, वाचा." मी तुझ्या डोक्यावर टपली मारली होती. ती झाकणं अजून तीच आहेत. आज दोन रेघांचं झाकण उघडलं, वाटीत रंग घेतला, एक थेंब पिवळा टाकला, आणि सुईनं पहिलं पान भरलं.

हल्ली वेळ जास्त लागतो. पण एकही पान रेघेबाहेर गेलेलं नाही. दिवसाला पंचवीस होतील. मध्येच 'नी' भरताना मनात येतं, बरा असेल ना रे तू? मग मीच म्हणतो, क्षितिजानं निवडलाय, डोळे आहेत तिला.

बाबा


३ फेब्रुवारी

क्षिते,

झाले. दीडशेच्या दीडशे झाले.

काल सोन्याचं पाणी द्यायला विठूच्या गाळ्यात नेले होते. विठूला तू ओळखतेस, कुणाचं कौतुक करताना त्याचे दात दुखतात. त्यानं एक पान उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाला, "बबनराव, झाडाखालून उचलून आणल्यासारखं वाटतंय." मी आख्ख्या रस्त्यात एकटाच हसत आलो. इतक्या वर्षांत त्यानं माझ्या कामाला नाव ठेवलं नाही असं हे पहिल्यांदा.

आज खोकं भरायला बसलो. एकेक पान पांढऱ्या कार्डावर लावलं, खोक्यात दहा-दहाच्या रांगा केल्या. तळाशी ही दोन पत्रं ठेवली. वर पानं, खाली बाप. झाकण लावलं, चिकटपट्टी ओढली, मग पुन्हा फाडली आणि पत्रं काढून घेतली.

भ्यालो. खरं सांगतो, भ्यालो. लग्नाच्या गडबडीत कुणीतरी खोकं उघडेल, नीरजची आई उघडेल, विचारेल हे कोण बाबा? आणि तू काय सांगशील? तुझ्या चांगल्या दिवसात मी कशाला माझं रडगाणं घुसडू?

त्यापेक्षा असं म्हटलं, पानं जाऊ देत. ती तुझ्या हातात पडतील. हिरवं बघून, एक थेंब पिवळा बघून, गुळगुळीत काम बघून तुला वाटेल, हे कुणी केलं बरं? तू जितेंद्रला विचारशील. तो सांगेल. मग तू ठरव.

माझी हिंमत एवढीच आहे, बेटा. दीडशे बिल्ल्यांएवढी.

जितेंद्र दुपारी आला आणि खोकं न उघडताच कुरिअरला देऊन आला.

बाबा


१० फेब्रुवारी

क्षितिजा,

हे पत्र मात्र मी पाठवणार आहे. आधीची तीनही सोबत.

आज सकाळी जितेंद्र गाळ्यात आला तो ओरडतच. "काका, ये क्या कर दिया? पत्ता हरा बोला था ना! पूरा चॉकलेटी बना दिया!" मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. तू पाठवलेला फोटो. मी बघत राहिलो. मला त्यात पान दिसत होतं, चांगलं दिसत होतं. मी म्हणालो, "हिरवंच तर आहे." तो माझ्याकडे असा बघायला लागला की मला वाटलं, आता हा मला डॉक्टरकडे नेतो.

चंपा आतून आली. तिनं फोटो बघितला, मग बाटल्यांकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. झाकणं धुऊन लावताना टिंबवालं हिरव्याला लागलं होतं आणि दोन रेघांवालं चॉकलेटीला. ती म्हणाली, "पन काका, बाटलीत रंग दिसतो की! झाकण कशाला बघायचं?"

आता ऐक. हे मी आजवर फक्त तुझ्या आईला सांगितलं होतं.

मला हिरवा दिसत नाही. लाल पण नाही, तुम्हाला दिसतो तसा. लाल, हिरवा, चॉकलेटी, माझ्यासाठी सगळं मातकट, थोडं गडद थोडं फिकं. जन्मापासून. मला कळलं बाविसाव्या वर्षी. रेल्वेची परीक्षा पास झालो होतो, माझ्या वडिलांनी वाडीत पेढेसुद्धा वाटले होते. मेडिकलला एक पुस्तक पुढे ठेवलं, सगळे ठिपकेच ठिपके. डॉक्टर म्हणाले, आकडा वाचा. मी म्हणालो, कुठला आकडा? मागच्या रांगेतली पोरं हसली. घरी आलो तर वडिलांनी विचारलं, आणि मी सांगितलं, छातीचं माप भरलं नाही. ते मरेपर्यंत त्यांना तेच माहीत होतं.

मग बिल्ल्यांच्या कारखान्यात लागलो, ठोकायला. ठोकायला डोळे लागत नाहीत, हात लागतो. तिथेच तुझी आई रंग भरायची. पहिल्या आठवड्यात तिनं ओळखलं. मी तिला विचारलं होतं, "ही साडी कुठल्या रंगाची?" आणि ती म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही, होय?" हसली नाही. आयुष्यात ती एकटी हसली नाही. हा गाळा आम्ही दोघांनी टाकला तो माझ्या हातावर आणि तिच्या डोळ्यांवर.

ती गेली आणि मी गाळ्यात बाटल्यांसमोर बसलो. शाळेची ऑर्डर अर्धी पडली होती. तू दप्तर टाकून आत आलीस. मी एक बाटली उचलली आणि म्हणालो, "सांग बघू, हा कुठला?"

तुला वाटायचं, बाबा परीक्षा घेतायत. तुला वाटायचं, बाबा शिकवतायत. परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती ग. मी विचारत होतो.

तेरा वर्षं विचारत राहिलो. तुझी नजर तयार होत गेली, लोक म्हणायचे बबनरावांच्या हातात जादू आहे, आणि मी मान हलवायचो. आणि जेव्हा त्या बाईंचा फोन आला, की तुमची मुलगी रंगात पहिली आली, तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की माझे डोळे चाललेत. माझ्या तोंडातून ते वाक्य कसं गेलं ते मला अजून कळत नाही. ठिपक्यांच्या पुस्तकानं माझी नोकरी घेतली, तर मी रडलो होतो. तुझी नोकरी मी घेतली आणि संध्याकाळी तुझ्या हातची भाकरी खाल्ली.

तू म्हणालीस फुकटची कामगार. मी तेव्हा गप्प बसलो. का माहितीये? कामगार म्हटलेलं चाललं मला. आंधळा म्हटलेलं चाललं नसतं. हे खरं आहे. मुलगी गेली तरी चालेल, पण हे कुणाला कळायला नको, असा माणूस आहे मी. हा बाप आहे तुझा.

तू गेल्यावर चंपा मिळाली म्हणून गाळा चालला. तिच्याबरोबरही मी 'सांग बघू' करूनच निभावून नेलं. आज सांगितलं खरं. ती रडली, म्हणाली, "मंग इतकी वरसं बोललाव का न्हाय?"

आता तुझ्या लग्नाला वाळलेली पानं पाठवलीत मी. पिंपळाचं सुकलेलं पान. विठू कौतुक करत नव्हता, तो जे दिसलं ते सांगत होता. मी जितेंद्रला म्हणालो, पुन्हा करून देतो, दिवस-रात्र बसतो, चंपा भरेल. तर तो म्हणाला, मॅडमनं नको म्हटलंय. चिडल्या नाहीत. फक्त एकच विचारलं, रंग कुणी भरले? "मैंने नाम नहीं बोला, काका. म्हटलं, भाईंदरला एक काका आहेत, हातानं करतात, झाकणावर रेघा मारून ठेवलेल्या असतात त्यांच्या." मी विचारलं, मग? तो म्हणाला, "फिर कुछ नहीं बोलीं. मला वाटलं लाईन कटली."

क्षिते, आता तुला माहीत आहे पानं कुणी केली. तुझा पत्ता मी मागितलेला नाही. पाकीट जितेंद्रकडे देतोय, तो टाकेल. त्याला सांगितलं, माझी मुलगी आहे. त्यानं पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. फक्त रविवारी मी पांढरा शर्ट घालून तयार असेन. गाळ्यावरचा नंबर तोच आहे. आता तो मीच उचलतो आणि जे असेल ते खरं सांगतो.

बाबा


१६ फेब्रुवारी, रविवार

क्षिते,

दुपारचे चार वाजलेत. लागलं असेल लग्न.

जितेंद्रनं कुरिअरनं टाकलेलं पत्रांचं पाकीट बुधवारीच पोचलं. घेतल्याची सही आहे, 'क्षितिजा' म्हणून. त्यानं मला मोबाईलवर दाखवली.

सकाळी सातला येऊन बसलोय. शर्ट नवा घेतला, कडक आहे, मानेला घासतोय. इस्टेटीला आज सुट्टी, आजूबाजूचे सगळे गाळे बंद. फोन समोर ठेवलाय. दोनदा उचलून बघितला, लाईन चालू आहे ना म्हणून. एकदा वाजला. कुणीतरी विचारत होतं, क्लबच्या पिना किती दिवसांत मिळतील. मी म्हणालो, आज माझ्या मुलीचं लग्न आहे, उद्या फोन करा. तो म्हणाला, अरे वा, अभिनंदन. मी म्हणालो, थँक्यू.

एवढ्यात कुणी अभिनंदन केलं नव्हतं.

सकाळी पुण्याची गाडी पकडून यावंसं वाटलं होतं. नाही आलो. एकदा मी तुझ्या वतीनं ठरवून मोकळा झालोय. पुन्हा नाही.

सुखी राहा. नीरजला सांग, ती रागावली की भांडी जोरात घासते, तेव्हा बोलायचं नाही.

बाबा


१२ मार्च

क्षिते,

जितेंद्रनं परवा एक फोटो दाखवला. तू त्याला पाठवलास की कुठे टाकलास, मी विचारलं नाही. बुद्धवंदनेला सगळे उभे आहेत. तू पांढऱ्या साडीत. शेजारी तो, उंच आहे की बराच. आणि सगळ्यांच्या छातीवर पानं. नव्या हिरव्या पिना करून घेतल्यास की माझीच लावलीस, ते मला फोटोवरून कळेना. मोठं करून बघितलं. चंपाला विचारलं. ती म्हणाली, "काका, तुमचीच हायत. सुकी." मी पुन्हा विचारलं, सगळ्यांची? म्हणाली, "सगल्यांची. नवरीची बी."

मी मागे जाऊन भट्टी उगाच उघडली आणि बंद केली.

म्हणजे लावलंस. माझी चूक दीडशे माणसांच्या छातीवर लावून तू उभी राहिलीस. आणि मला बोलावलं नाहीस. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही मला एका वेळी पोटात ठेवता येत नाही. रात्री जेवताना एक आठवतं आणि घास जातो. मग दुसरं आठवतं आणि हात थांबतो.

आज पाकीट आलं. तुझ्या अक्षरात गाळ्याचा पत्ता. आत पत्र असेल म्हणून उलटं करून झटकलं. पत्र नाही. कापसात गुंडाळलेलं एक पान. माझंच, मागे दोन खिळे, रबराचे क्लच, देठाखाली ठोकताना राहिलेला बारीक ओरखडा.

मी सवयीनं बोट फिरवलं. क्षिते, मी ती पानं घासून अशी केली होती की रंग कुठे संपतो आणि रेघ कुठे सुरू होते ते नखाला कळू नये. यावर कळतंय. रंग रेघेच्या किंचित वर आलाय. माझ्या रंगावर कुणीतरी पुन्हा रंग भरलाय. सुईनं, टोकापासून देठाकडे, आई भरायची तसा. कडेला एक ठिपकासुद्धा सांडलेला नाही.

तासभर हातात घेऊन बसलोय. दारात नेलं, ट्यूबखाली धरलं, चष्मा काढून बघितलं. मला ते तसंच दिसतंय, मातकट. हिरवं केलंस का? 'बाबा, हे असं असतं' म्हणून दाखवायला? की पुन्हा चॉकलेटीच भरलंस, 'हे असंच राहणार, आता यात बदल नाही' म्हणून? दोन्ही तू करू शकतेस. मुलगी कुणाची आहेस.

चंपा म्हणाली, "द्या हिकडं काका, मी सांगतंय ना." मी मूठ मिटली. ती म्हणाली, "अवो, एका शब्दाचं काम हाय." मी तिला घरी पाठवलं.

एका शब्दाचंच काम आहे. पण तो शब्द मला दुसऱ्या कुणाकडून नको.

पान टेबलावर ठेवलंय, तुझ्या झाकणांच्या रांगेत. शेजारी फोन आहे. आज परीक्षा नाही, शिकवणी नाही. मला दिसत नाही म्हणून विचारतोय.

सांग बघू, हा कुठला?

बाबा